वस्तूंची गंमत आणि माणसांची फजिती

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये, असा शिष्टसंमत संकेत आहे. परंतु घरासाठी नव्या वस्तू घेण्याचा आपला हंगामही हाच; आणि वस्तूंविषयी भांडायचे तर ते पैसे खर्च होण्यापूर्वी भांडलेले बरे. म्हणून हा वाद मी आजच्याच मुहूर्तावर उपस्थित करीत आहे.

वाद असा आहे. अलीकडे शहरांतल्या मोठ्या दुकानांत एक निराळाच माल दिसू लागला आहे. हातात दिवा धरून बसलेले माकड, माणसाच्या पंजासारखी खुर्ची, ओठांच्या आकाराचा सोफा, कापसाच्या ढगात दडवलेला दिवा, असा तो माल. याला ‘गमतीदार डिझाइन’ असे भारदस्त नाव आहे. हे सारे पाहून प्रौढ मंडळी कपाळाला हात लावतात आणि तरुण मंडळी टाळ्या पिटतात. मला या दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे. या वस्तू गमतीदार आहेत, ही माझी तक्रार नव्हे. त्या पुरेशा गमतीदार नाहीत, ही माझी तक्रार आहे.

आधी प्रौढांचा समाचार घेऊ. ‘खुर्ची बसायला असते आणि दिवा उजेडाला असतो, त्यांनी चेष्टा करण्याचे कारण काय?’ असे हे लोक विचारतात; आणि आपल्या जुन्या घरांत असली थेरे नव्हती, अशी पुस्तीही जोडतात. ही पुस्ती साफ खोटी आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवावी. तेथले नुसते अडकित्ते पाहावेत. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ एवढे पुरते. तरीही आपल्या कारागिरांनी त्याचे पक्षी केले, घोडे केले, जोडपी केली. दिव्यांवर मोर आणि हत्ती बसवले. आणि झोपाळा? बसायला पाट काय वाईट होता? पण आपल्या पूर्वजांनी पाटाला कड्या लावल्या आणि तो छताला टांगला. जेवणानंतरचे पान त्यावर, मूल निजवणे त्यावर, उन्हाळ्याच्या दुपारी वारा घेणे त्यावर आणि रुसून बसणेही त्यावरच! चेष्टा करणारी बैठक याहून दुसरी कोणती असते, ते मला कोणी सांगावे.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अडकित्त्याला मोराचा आकार दिला म्हणून पाते बोथट ठेवण्याची मुभा कोणत्याही लोहाराला नव्हती. झोपाळा मौजेचा म्हणून त्याच्या कड्या कच्च्या असल्या तर चालत नसे. मोर राहो बाजूला, आधी सुपारी कातरली गेली पाहिजे, हा करार पक्का होता. आजच्या गमतीदार वस्तूंनी नेमका हाच करार मोडला आहे, आणि माझे भांडण सुरू होते ते येथून.

हा करार पाळून खरी गंमत कशी करावी, हे विसाव्या शतकात ज्यांना उत्तम उमगले होते ते दोघे भाऊ इटलीतल्या मिलान शहरचे. धाकटे आकिले कास्तिलिओनी (१९१८–२००२) आणि थोरले पिएर जाकोमो (१९१३–१९६८). १९५७ साली कोमो येथल्या एका प्रदर्शनात त्यांनी एक स्टूल मांडले. त्याची बैठक म्हणजे चक्क ट्रॅक्टरवरची भोके पाडलेली पत्र्याची बैठक. खाली पोलादाची एक वाकवलेली पट्टी, आणि स्टूल कलू नये म्हणून जमिनीलगत लाकडाचा एक आडवा दांडा. नाव ठेवले ‘मेत्झाद्रो’, म्हणजे अर्धेलीने शेत कसणारा. ते बाजारात यायला दशकाहून अधिक काळ लागला. दिवाणखान्यात ट्रॅक्टर, ही चेष्टा खरीच. परंतु ती बैठक दिवसभर शेतात हिसके खाणाऱ्या माणसाच्या अंगाला बसावी अशीच घडवलेली असते, भोकांमुळे घाम धरत नाही, आणि पोलादी पट्टी बसणाऱ्याच्या वजनाने किंचित लवून झोका देते. ज्या कारणाने हसू येते, त्याच कारणाने बसायला बरे वाटते.

याच भावांचे आणखी एक स्टूल आहे. एका दांड्यावर सायकलची सीट, आणि खाली तळाला जाड लोखंडाचा अर्धगोल. त्यावर बसले की माणूस डुलतो. कोणी म्हणेल, हा पोरखेळ झाला. पण ते केले होते टेलिफोनवर बोलणाऱ्यासाठी. फोनवर बोलताना माणसाला धड बसवत नाही आणि धड उभेही राहवत नाही, हे त्यांनी पाहिले होते. आपण सारेच ते रोज अनुभवतो. मात्र त्यावरून स्टूल सुचणे निराळे.

आणि त्यांचा १९६२ सालचा ‘आर्को’ दिवा! जेवणाच्या टेबलावर वरून उजेड हवा, पण छताला भोक पाडायचे नाही, अशी अडचण. भाड्याच्या घरात राहिलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. त्यांनी रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबासारखी एक पोलादी कमान केली. ती खोलीच्या कोपऱ्यातून उठते आणि टेबलावर येऊन वाकते. आणि मागून वाढणारा माणूस ताट घेऊन सहज जाईल इतकी ती दूर असते. कमान कलंडू नये म्हणून तळाला संगमरवराचा सुमारे ६५ किलोचा ठोकळा. आता हा ठोकळा हलवायचा कसा? तर त्याला आरपार एक भोक ठेवले आहे. त्यात केरसुणीचा दांडा घालावा आणि दोघांनी दोन बाजूंनी उचलावा. ठोकळ्याचे कोपरेही मारले आहेत, कोणाला लागू नये म्हणून. पाहणाऱ्याला ते भोक म्हणजे नुसता नखरा वाटतो. वास्तविक, घर झाडणाऱ्या माणसाचा विचार करून ते ठेवलेले आहे. इतका गमतीदार आणि इतका सभ्य दिवा मला दुसरा माहीत नाही.

मिलानचेच ब्रुनो मुनारी (१९०७–१९९८) हे तर विनोदाचे बादशहा. १९४४ साली ‘दोमुस’ मासिकात त्यांनी स्वतःची छायाचित्रे छापली. एक माणूस आरामखुर्चीत आराम शोधतो आहे. आडवा पडून पाहतो, उलटा होऊन पाहतो, पाय वर करून पाहतो, पण आराम काही सापडत नाही! दरवर्षी नव्या आकाराच्या खुर्च्या काढणाऱ्यांना ती चपराक होती. पुढल्याच वर्षी त्यांनी ‘अगदी थोडक्या भेटीची खुर्ची’ काढली. तिची बैठक इतकी उतरती, की पाहुणा बसताच घसरू लागतो. आपल्याकडच्या किती घरांना तिची गरज आहे, ते मी येथे लिहीत नाही. दिवाळीत पाहुणे अंक चाळतात. पण या चेष्टेतही लबाडी नाही. ही खुर्ची बसू देणार नाही, हे तिच्या नावातच सांगितले आहे. आरामखुर्ची म्हणून ती कोणी कोणाच्या गळ्यात मारली नाही.

आता दुसरी बाजू पाहू. इटलीतल्या ‘अलेस्सी’ या एकाच कंपनीची दोन भांडी शेजारी शेजारी ठेवतो, म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल. पहिली, अमेरिकन वास्तुशिल्पी मायकेल ग्रेव्ह्ज यांची १९८५ सालची किटली. तिच्या चोचीवर एक छोटा पक्षी बसवला आहे. पाणी उकळले की वाफेने तो शीळ घालतो. मुले हसतात, आणि स्वयंपाकघरातल्या माणसाला पाणी उकळल्याचे कळते. दुसरे, फ्रान्सचे फिलिप स्टार्क यांचे १९९० सालचे ‘ज्युसी सालिफ’ हे लिंबू पिळायचे यंत्र. अ‍ॅल्युमिनियमचे, तीन लांब पायांवर उभे, एखाद्या परग्रहावरच्या कोळ्यासारखे. देखणे आहे, हे मी नाकारीत नाही; न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानेही ते ठेवून घेतले आहे. पण त्याला गाळणी नाही. वरून लिंबू दाबावे, तर रस आणि बिया बरोबरच खालच्या पेल्यात उतरतात. हे यंत्र लिंबू पिळण्यासाठी नसून संभाषण सुरू करण्यासाठी आहे, असे समर्थन खुद्द स्टार्क यांच्या नावावर सांगितले जाते. पुढे त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली. आणि लिंबाचे आम्ल मुलाम्याला मानवत नाही म्हणून तीत लिंबू पिळू नये, अशी सूचना देण्यात आली! यापुढे विनोद तो कोणता करायचा?

संभाषण सुरू करायला यंत्र लागते, हे मला मराठी माणूस म्हणून मुळातच मान्य नाही. आपल्या घरी संभाषणाची टंचाई कधीच नव्हती. सरबतात बी येऊ नये, एवढीच मागणी होती. आठ आण्यांच्या लाकडी पिळणीने ती पुरी केली. तिच्यावर कोणी प्रबंध लिहिला नाही, हा तिचा दोष नव्हे.

असाच दुसरा नमुना. ‘फ्रंट’ नावाच्या स्वीडिश स्त्री-डिझाइनरांच्या गटाने २००६ साली एक दिवा केला : पुऱ्या आकाराचा काळा घोडा आणि त्याच्या डोक्यावर दिव्याची टोपी. प्रथम पाहताना मीही हसलो. पण त्याच्या जागी उंट असता, जिराफ असता, तरी काय बिघडले असते? घोडेपणाचा दिव्याशी काही संबंध नाही. उलट जर्मनीचे इंगो माउरर (१९३२–२०१९) यांचे दिवे पाहावेत. १९९२ साली त्यांनी साध्या बल्बला हंसपिसांचे दोन पंख लावले. उजेड हलका असतो, उडून जातो, ही जुनी कल्पना एका दृष्टिक्षेपात समजते. १९९७ साली त्यांनी तारांना कागद अडकवलेला एक दिवा केला, आणि त्यांतले काही कागद मुद्दाम कोरे ठेवले, घेणाऱ्याने त्यावर हवे ते लिहावे म्हणून. घोड्याचा विनोद पहिल्या दिवशी संपतो, आणि मग त्याची धूळ तेवढी पुसायची राहते. कागदाचा दिवा मात्र घरातल्या माणसांनी रोज पुढे लिहायचा असतो.

हॉलंडच्या रोडी ग्राउमान्स यांनी १९९३ साली ८५ उघडे बल्ब त्यांच्या तारांनीच एकत्र बांधून झुंबर केले. कल्पना झकास आहे. वेगळा सांगाडाच नको. पण जुन्या पद्धतीचे १५ वॅटचे बल्ब धरले तरी ८५ बल्बांचे १२७५ वॅट होतात, म्हणजे तासाला सव्वा युनिटाहून जास्त वीज. त्याच झुंबरात आता एल.ई.डी. बल्ब लावता येतात, हे त्याचे नशीब आणि त्याचा गुणही. कारण त्याचे बल्ब निदान बदलता तरी येतात.

हा बदलण्याचा मुद्दा मी मुद्दाम काढला. आमच्या भाचीला लग्नात ढगाच्या आकाराचा एक दिवा भेट आला. चौदा महिन्यांत तो विझला. मी तो घेऊन दुकानात गेलो. आतला एल.ई.डी. वेगळा काढता येत नाही, सगळे एकजीव चिकटवलेले आहे, तेव्हा नवाच ढग घ्यावा लागेल, असे उत्तर मिळाले. दुकानाचे नाव सांगत नाही. कारण हेच उत्तर मला नंतर आणखी दोन ठिकाणी ऐकायला मिळाले. एल.ई.डी. वर्षानुवर्षे टिकतो, असे आपण ऐकतो, आणि ते खरेही आहे; पण त्याला वीज पुरवणारा भाग त्याच्या आधी दगा देऊ शकतो, आणि मग चांगल्या एल.ई.डी.सह सारा ढग कचऱ्यात जातो. आमच्या वाड्यातला पिवळा बल्ब गेला, तर कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणून पोरगेसुद्धा होल्डरमध्ये लावीत असे. त्या होल्डरला कोणी गमतीदार म्हटले नाही.

येथे माझ्यावर तीन बाजूंनी हल्ला होणार, हे मला दिसते आहे. पहिला आक्षेप असा : ही कला आहे, तिला उपयोगाची मोजपट्टी कशाला? कबूल. मग तिला शिल्प म्हणावे आणि चौथऱ्यावर ठेवावे. खुर्ची म्हणून विकायचे आणि बसल्यावर कला म्हणून हात वर करायचे, हा व्यवहार मला पसंत नाही. शिवाय उपयोग आणि आनंद ही दोन खाती वेगळी आहेत, असे मानणे हीच मुळात चूक आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य आपल्या सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यातूनच १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्यापुढे हात जोडले आहेत. लोटा भरलेला कसा तोलतो, ओततो कसा, घासायला कसा, किंमत काय, हे प्रश्न त्यांनी मांडले; आणि त्याच यादीत, दुसऱ्या भांड्यावर आपटला की त्याचा आवाज कसा येतो, हाही प्रश्न घातला. घासणे आणि नाद, दोन्ही एकाच यादीत!

दुसरा आक्षेप : तुम्ही ज्यांची स्तुती केलीत, त्या वस्तूही श्रीमंतांच्याच आहेत. खरे आहे. ‘आर्को’ माझ्या घरी नाही आणि येण्याचा संभवही नाही. पण वस्तू महाग असली तरी तिच्यामागची बुद्धी फुकट मिळते. डालड्याच्या डब्यात तुळस लावणाऱ्या आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या बायकांजवळ ती होतीच. हॉलंडच्या तेयो रेमी यांनी १९९१ साली जुन्या कपड्यांचे थर पट्ट्यांनी आवळून खुर्ची केली, तेव्हा जगाने तिची वाहवा केली. मीही करतो, पण ती करताना आजीची गोधडी आठवते, एवढेच.

तिसरा आक्षेप सर्वांत लाडका : ‘तुम्हाला यातले कळत नाही.’ याचे उत्तर मी जरा सविस्तर देणार आहे, कारण या सगळ्या लेखाचे कारण तेच आहे.

काही महिन्यांपूर्वी एका परिचितांकडे सत्यनारायणाची पूजा होती. दिवाणखान्यात पंजाच्या आकाराची खुर्ची होती. एक वृद्ध गृहस्थ तीर्थप्रसाद घेऊन तीत बसले. बोटांच्या मध्ये पाठ टेकेना, हाताला आधार मिळेना. उठण्याची वेळ आली तेव्हा दोघांनी त्यांचे दंड धरून त्यांना वर काढले. यजमान हसत म्हणाले, ‘काका, ही बसायची नव्हे, बघायची खुर्ची आहे.’ त्यावर काका काय म्हणाले असतील? ‘माफ करा हं, माझ्या लक्षात आले नाही,’ असे म्हणाले! ऐंशीच्या घरातला माणूस, खुर्चीवर बसला म्हणून, माफी मागत होता. खुर्चीने मात्र कोणाचीही माफी मागितली नाही.

हे मला सहन होत नाही. वस्तू नापास झाली की आपण स्वतःला नापास ठरवतो. सरबतात बी आली तर आपली अभिरुची कमी, दिवा विझला तर आपण जुन्या मताचे, गुडघा ठेचकाळला तर आपण गावंढळ! आणि ही लाज सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. ती म्हाताऱ्यांच्या वाट्याला अधिक येते, आणि त्या घोड्याच्या कानामागची धूळ रोज पुसणाऱ्या बाईच्या वाट्याला तर सर्वांत अधिक. तिला कोणी विचारलेलेही नसते. ज्या चेष्टेचा खर्च दुसऱ्यालाच सोसावा लागतो, तिला आपल्या भाषेत विनोद म्हणत नाहीत, टवाळी म्हणतात.

खरी गंमत पाहायची असेल तर फार लांब जाण्याचे कारण नाही. २०२० सालच्या दिवाळीच्या सुमारास छत्तीसगडमधल्या कोंडागावच्या एका कुंभाराची पणती देशभर गाजली. पणतीवर मातीचा एक पोकळ घुमट, त्यात तेल भरलेले. पणतीतले तेल उतरले की घुमटात थोडी हवा शिरते आणि तेवढेच तेल आपोआप खाली येते. तेलाची पातळी वर आली की हवेची वाट बंद, आणि तेलही बंद. लोकांना ती जादू वाटली. तिच्यात जादू नाही, हवेच्या दाबाचा साधा नियम आहे. पण मुले तोंडात बोट घालून पाहत राहतात आणि घरच्या माणसाला रात्री उठून तेल घालावे लागत नाही. मोडली तर मातीत माती.

आणि आपला घडीचा आकाशकंदील? वर्षभर माळ्यावर चपटा पडून असतो. आश्विनात खाली काढून ओढला की फुलतो. मुनारी यांनी १९६४ साली विणलेल्या मोज्याच्या नळीत लहानमोठ्या कड्या घालून असाच एक दिवा केला. खाली ठेवला तर चपटा, टांगला तर आपल्याच वजनाने लांब आणि डौलदार. मिलानच्या त्या बुद्धिमान माणसाला आणि आपल्या गल्लीत कंदील करणाऱ्या पोरांना एकाच रस्त्यावर भेटलेले पाहून मला फार बरे वाटते.

तेव्हा यंदा खरेदीला जाल तेव्हा एवढे करा. दुकानात हसू आले तर खुशाल हसा. मग त्या खुर्चीत दहा मिनिटे बसा, आणि शक्य असेल तर घरातल्या सर्वांत वडील माणसालाही बसवा. दिवा असेल तर त्याखाली छापील मजकूर वाचून पाहा, आणि विझल्यावर आत काय बदलता येते ते विचारा. पुसायचा कसा, हे घरात जी व्यक्ती पुसणार आहे तिला विचारा. विक्रेता म्हणाला की ‘साहेब, ही बघायची वस्तू आहे’, तर बघून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत. आणि घरी येऊन झोपाळ्याच्या कड्यांना तेल घाला.